सीताफळं स्पेनला नेली तेव्हा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर सीताफळांची पहिली पाटी दिसली की गाडीतले प्रवासी खूश होतात आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. दोन्ही एकाच क्षणी होतं. मी एसटीचा कंडक्टर आहे, त्यामुळे खड्डा पोटात ठेवून तोंड चालू ठेवायची सवय आहे. दारात उभा राहून मी जाहीर करतो, "सीताफळं घ्या, खा, पण बिया सीटखाली टाकल्या तर खाली उतरवून झाड लावायला लावीन!" गाडी हसते. खिडक्यांतून हात बाहेर जातात. पाटीवाल्या बाया पदर खोचून पळत येतात, फळ अंगठ्यानं दाबून दाखवतात, "बघा की दादा, लोणी हाय लोणी." मीही दोन घेतो आणि घाट उतरेपर्यंत खाऊन बिया बाहेर फेकतो. माझ्या अंदाजानं त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना एव्हाना जंगल व्हायला हवं होतं. अजून एक रोपही दिसलेलं नाही.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. बीडजवळच्या आमच्या वस्तीत कॅथलिकांची पंधरा-वीस घरं आहेत आणि एक लहान देऊळ, म्हणजे चर्च. त्या महिन्यात रोज संध्याकाळी एकेका घरी सगळे जमतात, मरिया मातेच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागते, जपमाळ म्हटली जाते आणि मग त्या घरची बाई जे असेल ते पुढं करते. ऑक्टोबरात असतं काय? सीताफळ. आमच्या मोनूनं, म्हणजे माझ्या लेकीनं, मोनिकानं, सहाव्या वर्षी स्वतःची जपमाळ विहिरीत पाडली आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शहाण्यासारखी मांडी घालून बसली. फ्रॉकच्या ओच्यात सीताफळाच्या बिया, काळ्या, चकचकीत, नीट पन्नास मोजून घेतलेल्या. एक नमो मारिया झाली की एक बी उजवीकडून डावीकडं. तिची आई सुमन तिला चिमटा काढायला सरसावली, तर मी मध्ये पडलो. म्हणालो, "अगं, देवाला मणी काय आणि बी काय! उलट बी पेरली तर उगवते." तेव्हा मला माझंच बोलणं फार आवडलं होतं.

ती बी कुठं जाऊन उगवावी, हे मात्र मला कुणी विचारलं नाही.

मोनू शिकली, बी.एस्सी. झाली. मी तिच्यासाठी दोन स्थळं मनातल्या मनात ठरवून ठेवली होती. एक दिवस ती ताटावर बसून म्हणाली, "पप्पा, मला सिस्टर व्हायचंय." सिस्टर, म्हणजे संन्यासिनी, व्हायला आमची हरकत नव्हती. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या सिस्टर आम्ही पाहिल्या होत्या. त्या सुटीत घरी येतात, भाकरी खातात, भाऊबंदांच्या लग्नात मिरवतात. पण हिला त्या सिस्टर व्हायचं नव्हतं. हिला त्या मठात जायचं होतं जिथं आत गेलेली बाई बाहेर येत नाही. मौन, प्रार्थना, बाग, शिवण, पुन्हा प्रार्थना. केरळातल्या एका मठात तिनं सुरुवात केली आणि तिथून तिला स्पेनच्या एका लहान गावात पाठवलं. तिथल्या मठात म्हाताऱ्या सिस्टर उरल्या होत्या आणि तरुण हात हवे होते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी मला नीट उच्चारता येत नाही.

डेपोत बातमी फुटली. आमचा मुळे ड्रायव्हर माझ्याबरोबर पंधरा वर्षं गाडीवर आहे, त्याला काही लपवून उपयोग नसतो.

"साळवे, पोरगी परदेशात हाय म्हणं?"

"हाय."

"काय करती?"

"प्रार्थना."

"ते ठीक हाय बे. पण काम काय करती?"

"तेच काम."

मुळेनं फडक्यानं स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाला, "घरी कवा येती?" मी डबल बेल मारली. गाडी निघाली, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

पाच वर्षं गेली. पत्रं यायची, वर्षातून चार. फोन नाताळला. मग एका पत्रात तिनं लिहिलं की येत्या फेब्रुवारीत अखेरचं व्रत. मी आमच्या फादरांकडं गेलो. म्हटलं, अखेरचं म्हणजे काय ते मला कंडक्टरच्या भाषेत सांगा. ते म्हणाले, "त्याच्या आधी तिला वाटलं तर ती दार उघडून घरी येऊ शकते, कुणी अडवणार नाही. त्यानंतर ती तिथलीच." म्हणजे फेब्रुवारीपर्यंत दाराला आतून कडी होती, कुलूप नव्हतं.

आणि त्याच पावसाळ्यात देवळाच्या फळ्यावर कागद लागला. युरोपची तीर्थयात्रा: रोम, असिसी, फ्रान्सचं लूर्द आणि स्पेनमधून पोर्तुगालचं फातिमा. ऑक्टोबरात. वसईचे लोक जास्त, काही पुण्याचे, काही नगरकडचे, आणि बीड जिल्ह्यातून आम्ही दोघं. लूर्दहून फातिमाला जाताना बस त्या गावाजवळून जाणार होती. यात्रेचे फादर भला माणूस. म्हणाले, "गावात एक तास थांबू. बाकीचे जुनं देऊळ बघतील, तुम्ही मुलीला भेटा. मठाचा नियम आहे, भेट एक तास, चार ते पाच."

मी सुमनला सांगून टाकलं, "मी तिला परत आणणार. त्या तासात विचारणार. घरी चल म्हणणार."

सुमन ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सीताफळं न्यायची का?"

आता इथं आमच्या शहाणपणाची कथा येते. कपिलधारच्या धबधब्यावरच्या डोंगरात शेरडं राखणारा हरिभाऊ आमच्या ओळखीचा. सीताफळाबद्दल त्या माणसाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. फळाच्या खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या होऊन रुंदावल्या, की आपल्याकडं म्हणतात डोळे उघडले. उघडे डोळे किती उघडे, हे पाहून हरिभाऊ सांगतो की फळ कितव्या दिवशी पिकणार. आमची भेट प्रवासाच्या नवव्या दिवशी होती.

"नव्या दिवशी पायजे?" हरिभाऊनं विचारलं.

"नवव्या दिवशी, चार वाजता."

"चारचं मी सांगत न्हाई, सायेब. पण नव्या दिवशी हाताला मऊ लागंल. तिकडं थंडी हाय का?"

"लई म्हणतात."

"लई म्हंजी? धबधब्याखाली असती तेवढी?"

"तेवढीच असंल."

"मंग काय न्हाई होत," असं म्हणून त्यानं अर्धा डोंगर पालथा घातला आणि अकरा फळं तोडली. एकेक उन्हाकडं धरून पाहिलं, जणू अंडी तपासतोय. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लेकीला म्हणा, हरिमामानं धाडलेत. आन् म्हणा, लौकर ये."

अशी फळं परदेशात न्यायची नसतात, हे मला नंतर कळलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आधीच कळलं होतं. रोमच्या विमानतळावर पकडलं तर काय करायचं याचं पूर्ण नाटक मी बसवून ठेवलं होतं. आधी बहिरा व्हायचं, मग रडायचं, मग जपमाळ काढायची. सुमनच्या साड्यांत गुंडाळलेली अकरा फळं घेऊन आम्ही पुढं गेलो आणि कुणी आमच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एवढं चांगलं नाटक प्रेक्षकांअभावी पडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रोमच्या त्या थोरल्या देवळात आभाळाएवढ्या घुमटाखाली सगळे माना वर करून उभे होते. वसईच्या फिलूबाय म्हणून सत्तरीच्या बाई होत्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सुमन मात्र माझ्या कानाशी लागून विचारत होती, "खोलीतली खिडकी लावली का तुमी? फळांना वारं लागंल." तिथंच एका खांबाच्या आडोशाला यात्रेचे फादर पापांची कबुली ऐकायला बसले होते. मी गेलो, गुडघे टेकले.

"फादर, मी अकरा सीताफळं चोरून आणलीत."

फादरांनी कान आणखी जवळ आणला. मग हळूच, "पिकली का?"

"न्हाई अजून."

"मग अर्धंच पाप झालंय. पुढचं सांगा."

पुढचं मी सांगितलं नाही. पुढचं हे होतं की मी देवाच्या दारातून देवाचीच वस्तू परत न्यायला आलो होतो. एका घुमटाखालून दुसऱ्या घुमटाखाली, सगळ्या प्रार्थनांच्या मधल्या जागेत, मी एकच भाषण घोकत होतो. सुरुवात हळू: 'मोनू, आईच्या गुडघ्यांना आता जिना चढवत नाही.' मध्ये थोडा विनोद. मग शेवट, एकदम साधा: 'घरी चल.' असिसीत टेकडीवरच्या संध्याकाळी ऑलिव्हच्या झाडांवर चांदीसारखा उजेड पडला होता. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी त्या उजेडात तीनदा भाषण म्हटलं. तिसऱ्यांदा मलाच रडू आलं, म्हणजे भाषण तयार झालं.

बसमध्ये दुसऱ्याच दिवशी माझा धंदा उघडा पडला होता. माणसं मोजल्याशिवाय गाडी हलू देणं मला जमत नाही. मी दारातून मागपर्यंत जायचो, खुर्च्यांच्या पाठींना हात लावत मोजायचो आणि म्हणायचो, "बेचाळीस! जाऊ द्या!" इटालियन ड्रायव्हरला 'जाऊ द्या' कळायला लागलं. फिलूबाय म्हणाल्या, "साळवे, तुम्ही स्वर्गाच्या दारातसुद्धा मोजतच बसणार काय हो?" मी म्हणालो, "बाय, तिथं तर फारच मोजावं लागेल. वसईचे लोक रांग मोडतात." बस दहा मिनिटं हसत होती.

लूर्दला मरिया मातेनं जिथं दर्शन दिलं म्हणतात, त्या गुहेच्या कडेनं नळांची रांग आहे. लोक येतात, पाणी पितात, बाटल्या भरतात, जातात. मला आधी तिथलं काही पवित्र दिसलंच नाही. मला दिसलं ते एवढंच की इतके नळ आहेत, सगळ्यांना पाणी आहे आणि कुणी कुणाचा हंडा लाथाडत नाही. बीडच्या माणसाला चमत्कार म्हणून तेवढं पुरेसं होतं. सुमननं दोन कॅन गळ्यापर्यंत भरले, झाकणावर सांडलेलं पाणी पदराच्या टोकानं टिपलं आणि ते टोक डोळ्यांना लावलं. संध्याकाळी हजारो मेणबत्त्या हातात घेऊन लोक निघाले. चाकाच्या खुर्च्या पुढं आणि धडधाकट मागं. वेगवेगळ्या भाषांतली नमो मारिया एकाच चालीवर. माझ्या शेजारी एक तरुण बाप खुर्ची ढकलत होता. खुर्चीत दहा-बारा वर्षांची मुलगी, मान एका बाजूला कललेली. तो वाकून तिच्या कानात काही सांगत होता आणि ती हसत होती. मला तेव्हा त्याचा हेवा वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला. त्याची मुलगी त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

आणि फळं? लूर्दच्या खोलीत सुमननं पिशवी उघडली तेव्हा ती दगड झालेली होती. वरून काळी पडत चाललेली. भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या लोखंडी शेगडीवर तिनं ती ओळीनं मांडली, वर शाल पांघरली. दोघांना माझी माकडटोपी घातली, एकाला तिचा पायमोजा. रात्रभर मी थंडीत आणि फळं उबेत. सकाळी पाहिलं तर आणखी काळी आणि तेवढीच टणक. आपल्याकडं फळ पिकायला ऑक्टोबरचं ऊन असतं, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नव्हतं आणि म्हणूनच ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं. "उद्या चार वाजेपर्यंत होतील," सुमन म्हणाली. ती फळांशीच बोलत होती.

मठ म्हणजे एक लांब पिवळी भिंत. दार लहान. आत एक खोली, अंधारी, मेण आणि साबण यांचा वास येणारी. भिंतीत लाकडी पिंप बसवल्यासारखं एक फिरतं कपाट. बाहेरून वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचं, वस्तू आत जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांना दिसत नाहीत. सुमननं त्यात अकरा काळी सीताफळं ठेवली. कपाट करकरत फिरलं. आतून कुणी म्हातारी बाई स्पॅनिशमध्ये काही बोलली, आवाजात शंका होती. तिला बहुधा वाटलं असावं की भारतातून कोळसा आलाय.

मग पलीकडच्या खोलीत नेलं. मधोमध लोखंडी जाळी, जाळीमागं पडदा. पडदा सरकला आणि मोनू.

पाच वर्षांनी. तपकिरी झगा, डोक्यावर काळं. चेहरा तोच, पण कुणी तो घासूनपुसून स्वच्छ ठेवल्यासारखा. हातात एक सीताफळ होतं, पायमोजा घातलेलं. ती हसत होती की रडत होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं पायमोजा काढला, फळ नाकाला लावलं, डोळे मिटले.

"वास हाय, आई," ती म्हणाली. "लई बारीक, पण हाय."

सुमननं जाळीतून बोटं घातली. जाळीच्या भोकातून दोन बोटं जातात. तेवढ्या दोन बोटांनी तिनं लेकीच्या गालाला हात लावला.

मी घसा खाकरला. भाषण तयार होतं. 'मोनू, आईच्या गुडघ्यांना' एवढं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, ती नवरदेवाची गोष्ट सांगा ना."

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. फार वर्षांपूर्वी तलवाड्याचं एक वऱ्हाड आमच्या गाडीनं निघालं होतं. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. बँडवाले बसले, करवल्या बसल्या, मी मोजले, आकडा बरोबर आला, डबल बेल. लग्नघरी पोचलो, वाजंत्री सुरू झाली, सगळे उतरले आणि नवरदेव नाही. तो फाट्यावरच राहिला होता. माझा आकडा बरोबर आला कारण त्याच्या जागी भलताच एक म्हातारा गाडीत चढून झोपला होता. बायकांनी घाईघाईत त्या म्हाताऱ्यालाच ओवाळलं. म्हातारा जागा होऊन म्हणाला, "माझं झालंय, बायांनो, दोन डाव झालंय."

मोनू जाळीमागं हसली. पण लगेच बोट उगारून म्हणाली, "पप्पा, पूर्वी म्हातारा एकदाच लग्न झालेला होता."

"वय वाढलं की अनुभव वाढतो," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. तिच्या मागं अंधारात बसलेली एक म्हातारी सिस्टर, जिला एक अक्षर कळत नव्हतं, तीही हसायला लागली. तिचं हसणं पाहून सुमन हसली. चार माणसांचं हसणं त्या दगडी खोलीत घुमलं. मोनूची मराठी अडखळत होती. मध्येच शब्द सापडत नव्हते, 'पडदा'साठी ती थोडं थांबली, पण 'लई' आणि 'न्हाई' जिथल्या तिथं होते. म्हणाली, "अजून एक." मी मुळेची आणि अर्ध्या तिकिटाच्या बोकडाची सांगितली. "अजून एक." मी दुधाचं पातेलं चुलीवर विसरून आलेल्या आजीची सांगितली. ती मागत गेली, मी सांगत गेलो. दर गोष्टीच्या शेवटी मला वाटायचं, आता विचारू. आणि दर गोष्टीच्या शेवटी तिचे डोळे असे चमकायचे की वाटायचं, एवढी एक आणखी. सहाव्या वर्षीही ती अशीच गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हणायची. मग घंटा झाली. म्हातारी सिस्टर उठली. मोनूनं सीताफळ छातीशी धरलं, आम्हा दोघांवर क्रुसाची खूण केली आणि पडदा सरकला.

भाषण तसंच राहिलं.

बाहेर बस उभी होती. ऊन पिवळं, थंड. फादर माझ्या चेहऱ्याकडं न पाहता म्हणाले, "साळवे, मोजा." मी मोजायला सुरुवात केली. अठ्ठाविसाव्याला चुकलो. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा तिथंच अडलो. फिलूबायनी माझा हात धरून पुढच्या खुर्चीवर ठेवला, एकोणतीस. बेचाळीस भरले. आकडा बरोबर होता, आणि कुणीतरी माझ्या काळजावर पाय देऊन उभं राहावं तसा तो बरोबर आकडा मला लागला. मी म्हणालो, "जाऊ द्या."

फातिमाला एका मोठ्या मोकळ्या पटांगणात संगमरवरी पट्टा आहे. नवस बोललेले लोक त्याच्यावरून गुडघ्यांनी चालत लहान देवळापर्यंत जातात. सुमननं कुणाला न सांगता साडी वर खोचली आणि गुडघे टेकले. जिना चढवत नाही अशा त्या गुडघ्यांनी ती निघाली. मी तिची पर्स आणि चपला हातात धरून शेजारून चालत राहिलो. "अगं पुरे," मी म्हणत होतो. तिच्या पलीकडून एक पोर्तुगीज म्हातारी तशीच गुडघ्यांनी चालत होती. दोघी एकमेकींकडं पाहून मान हलवायच्या आणि पुढं सरकायच्या. मला वाटलं, ही लेक परत मागतेय. मी मनात म्हणालो, माग, मी विचारलं नाही ते तू माग.

फेब्रुवारीत अखेरच्या व्रताचा फोटो आला. देवळाच्या थंड फरशीवर मोनू पालथी झोपलेली, हात पसरलेले, अंगावर पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या. चेहरा दिसत नाही. आम्ही तो फोटो मरिया मातेच्या तसबिरीशेजारी लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, "ही कावून अशी पडलीय?" मी सांगतो, "हेच तिचं लग्न." एकदा हरिभाऊ आला होता. त्यानं फोटो बराच वेळ पाहिला आणि मग मला विचारलं, "फळं पिकली होती का हो?" मी म्हणालो, "साखर झाली होती." तो खूश होऊन डोंगराकडं गेला. हे खोटं मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मला एका गोष्टीचा आधार होता. मी विचारलं नाही, हे खरं. पण लेकीनं तो तास बापाच्या गोष्टी ऐकण्यात घालवला. तिला मी हवा होतो, माझा आवाज हवा होता. हे मी रोज थोडं थोडं चाखत आलो होतो. दुसरं काही उरलं नव्हतं.

परवा रविवारी देवळातल्या मिस्सेनंतर सुमन ओट्यावर बसून माझ्या खाकी शर्टाचं बटण लावत होती. शेजारच्या घरी पोरं दंगा करत होती. मी नेहमीचंच पुन्हा म्हणालो, "विचारायला पाहिजे होतं गं त्या दिवशी. पण ती गोष्टीच मागत बसली."

सुमनची सुई थांबली.

"मीच लिहिलं होतं तिला," ती म्हणाली.

"काय?"

"निघायच्या आधी पत्र टाकलं होतं. पप्पा इचारणार हायेत म्हणून. म्हणलं, तुला न्हाई म्हणता यायचं न्हाई त्यांना. तर ते तोंड उघडायच्या आत गोष्ट सांगा म्हण. एकदा सुरू झाले की थांबत न्हाईत."

तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला कधी फसवलं नव्हतं, आणि फसवलं तेव्हा इतकं नेमकं.

"तुला नको होती का ती घरी?" माझा आवाज चढला. पोरांचा दंगा थांबला.

"मला?" सुमन म्हणाली. एवढंच. मग शर्टाची बाही सरळ करत, "तिचं आंथरुण मी अजून दर आठवड्याला उन्हात टाकते. तुमी ड्युटीवर असता."

मी खाली बसलो.

"एकच गोष्ट माग म्हणून लिहिलं होतं मी," ती म्हणाली. "पुढच्या तिनं तिच्या मनानं मागितल्या."

मग मी जे विचारायचं ते विचारलं. स्पेनमध्ये विचारायचं राहिलं होतं त्याच्यापेक्षा हे विचारणं अवघड होतं.

"मी घरी चल म्हणालो असतो, तर?"

सुमननं गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला.

"आली असती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. म्हणून तर."

तिनं शर्ट झटकला आणि माझ्यापुढं धरला. "बोला की काहीतरी," ती म्हणाली. मी शर्ट घेतला, अंगात घातला, बटण लावलं, आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसून राहिलो.